जर-तरचं इंग्रजी: ‘हिम’, ‘इट’ आणि ‘ऑफ’ कुठं बसवायचे

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी डिस्पॅचला लागलो, त्याच वर्षीची गोष्ट. परदेशी पार्टीचा माल आमच्याकडून आठवडाभर लेट निघाला होता. त्यांचा मेल आला. त्यातलं एक वाक्य अजून तोंडपाठ आहे: “इफ वी’ड नोन अबाउट इट, वी’ड हॅव कॉल्ड इट ऑफ.”

मी त्यातला ‘कॉल्ड’ तेवढा वाचला आणि मालकांना सांगितलं, “त्यांचा फोन येणार आहे.” पुढचे दोन तास फोनपाशी बसून काढले, चहालाही उठलो नाही. शेजारच्या टेबलावरच्या अकाउंटंटनं त्याच वाक्यातला ‘ऑफ’ वाचला. तो म्हणाला, “फोन कसला बे, ऑर्डर गेली!” त्याच्या शब्दावर पुढच्या लॉटचे दोन लूम बंद केले. संध्याकाळी मालकांची मुलगी कॉलेजातून आली, तिनं मेल बघितला आणि कपाळाला हात लावला. “आधी कळलं असतं तर ऑर्डर रद्द केली असती, असं म्हणतायत ते. म्हणजे केलेली नाहीये!”

मी ‘ऑफ’ गाळला, त्यानं ‘वुड हॅव’ गाळला. शब्द दोघांनाही सगळे येत होते. अडलं ते बारक्या शब्दांवर.

बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोटकडून मराठी माध्यमातून शिकून सोलापुरात नोकरीला येणारी पोरं-पोरी इथंच अडकतात, हे मी रोज बघतो. हॉटेलच्या काउंटरवर, दवाखान्याच्या रिसेप्शनला, एक्सपोर्टच्या ऑफिसात. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. आम्ही त्याआधीचे, पाचवीत पहिली एबीसीडी गिरवलेले. पण पहिलीपासून शिकलेलेही ‘टेल टू हिम’ म्हणतातच. कारण चूक इंग्रजीतून येत नाही, मराठीतून येते. म्हणून सुरुवात मराठीपासून करू.

हाताशी काय लागेल

– 100 पानी वही. तिच्या पानावर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने पाडा. कशासाठी ते दुसऱ्या पायरीत.
– इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला शब्दकोश, फोनमधला चालेल. साधा इंग्रजी-मराठी कोश इथं कामाचा नाही. चांगल्या कोशात ‘पिक समबडी अप’ आणि ‘लुक आफ्टर समबडी’ असं छापलेलं असतं. तो ‘समबडी’ जिथं उभा आहे, तिथंच तुमचा ‘हिम’ किंवा ‘हर’ उभा राहणार. काही कोशांत मधे दुहेरी बाण असतो. त्याचा अर्थ नाम दोन्हीकडं चालतं.
– फोनमधला रेकॉर्डर.
– तुमच्या स्वतःच्या कामातली दहा खरी वाक्यं, मराठीत. पुस्तकातली नकोत. “बिल आलं तर मला पाठवा”, “डॉक्टर असते तर तुम्हाला भेटले असते”, असली.

क्लासची पावती यादीत नाही. लावायचा तर लावा, पण ही दहा वाक्यं खिशात घेऊनच जा.

1. आधी मराठीत लपलेली माणसं बाहेर काढा

आई फोनवर सांगते, “चादर मिळाली तर घेऊन ये.” चादर हा शब्द आधी येऊन गेला असेल तर नुसतं “मिळाली तर घेऊन ये.” चार शब्द, त्यात एकही सर्वनाम नाही, आणि तरी कुणाचा गोंधळ होत नाही. ‘मिळाली’तली ‘ली’ चादरीची खूण सांगते, ‘ये’ तुम्हालाच उद्देशून आहे.

हेच इंग्रजीत: “इफ यू फाइंड इट, ब्रिंग इट विथ यू.” यू, इट, इट, यू. चार सर्वनामं! आपल्या क्रियापदाला शेपटी असते: आलास, आलात, आले, आली. ‘केम’ला काहीच नाही. कोण आलं हे ‘केम’ सांगू शकत नाही, म्हणून माणूस पुढं उभा करावाच लागतो.

सोलापुरात बऱ्याच घरांत आजी कन्नड किंवा तेलुगू बोलते, त्यांचीही सुटका नाही. आपण ‘आला तर’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘बंदरे’, तेलुगूत ‘वस्ते’. तिन्हीकडं जर-तरचं ओझं शब्दाच्या शेवटी. इंग्रजीत ‘इफ’ पहिल्याच पावलाला. त्यामुळं घरची भाषा कुठलीही असो, पहिली पायरी तीच: मराठी वाक्य लिहा आणि वर पेन्सिलीनं लपलेले ‘तू’, ‘ते’, ‘मला’ लिहून काढा. मगच इंग्रजीला हात घाला.

पाऊस आणि वेळ यांची गंमत वेगळी. “पाऊस आला तर” म्हणजे “इफ इट रेन्स”. “उशीर झाला तर” म्हणजे “इफ इट गेट्स लेट”. हा ‘इट’ कुणीच नाही, रिकाम्या खुर्चीवर टाकलेला रुमाल आहे. पण तो टाकल्याशिवाय इंग्रजी वाक्य सुरू होत नाही.

सापळा: देवनागरीत विचार करणाऱ्यांना दोन शब्द दगा देतात. इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’, आणि इंग्रजीतला ‘ही’ म्हणजे आपला ‘तो’. आमच्याकडची एक नवी मुलगी मॅडमबद्दल सांगताना आठवडाभर ‘ही इज इन मीटिंग’ म्हणायची. तिच्या कानाला ते बरोबरच वाटत होतं! क्रियापदानंतर आणि फॉर, टू, विथ, ऑनसारख्या शब्दांनंतर नेहमी मी, हिम, हर, अस, देम. ‘फॉर आय’ नाही, ‘विथ ही’ नाही.

आणि एक, पैशाचं आहे म्हणून नीट वाचा. मराठीत ‘आपण’ वेगळं, ‘आम्ही’ वेगळं. इंग्रजीत दोन्हीला ‘वी’. पार्टीला “वी विल पे फॉर इट” लिहिलंत आणि मनात ‘आपण दोघं’ असेल, तरी ते ‘आम्ही भरू’ असंच वाचणार. अर्धे-अर्धे असतील तर “वी’ल शेअर इट विथ यू” असं स्पष्ट लिहा.

2. क्रियापदं तीन खात्यांत टाका

वहीचे तीन रकाने आता कामाला येतात. ही पायरी सगळ्यात वेळखाऊ आहे. घाई करू नका, महिना लागला तर लागू दे.

पहिलं खातं, कोरडं. इथं क्रियापद आणि सर्वनाम यांच्यामधे काहीच येत नाही. टेल हिम, आस्क हर, कॉल मी, मीट अस, आन्सर मी, काँटॅक्ट देम, डिस्कस इट, मॅरी हिम. आपल्याला ‘ला’, ‘शी’, ‘बद्दल’ यांची सवय, म्हणून हात शिवशिवतात: ‘टेल टू हिम’, ‘आस्क टू हर’, ‘डिस्कस अबाउट इट’, ‘मॅरी विथ हिम’. सगळी चूक. उलट काही क्रियापदांना ‘टू’ लागतोच: एक्सप्लेन इट टू मी, से इट टू हर, सजेस्ट इट टू देम, रिप्लाय टू हिम. ‘एक्सप्लेन मी’ हे सोलापुरापासून मुंबईपर्यंत सगळीकडं ऐकू येतं, तरी चूकच.

दुसरं खातं, ठरलेल्या जोडीदाराचं. क्रियापद एकटं येत नाही, जोडीदार घेऊन येतं, आणि सर्वनाम त्या दोघांच्या मागं. वेट फॉर मी. लुक आफ्टर हर. लुक फॉर इट. लिसन टू हिम. डिपेंड ऑन अस. डील विथ इट. लाफ ॲट मी. इथं मराठी प्रत्ययावरून अंदाज बांधू नका, तोंडघशी पडाल. एकट्या ‘वर’चं बघा:

“माझ्यावर अवलंबून आहे” – “इट डिपेंड्स ऑन मी.” जमलं.
“माझ्यावर हसला” – “ही लाफ्ड ॲट मी.” आता ‘ऑन’ नाही.
“माझ्यावर रागावला” – “ही गॉट अँग्री विथ मी.” इथंही ‘ऑन’ नाही.
“माझ्यावर विश्वास ठेव” – “ट्रस्ट मी.” इथं तर काहीच नाही, थेट कोरडं खातं.

चार ‘वर’, चार वाटा. म्हणून वहीत नुसतं ‘वेट’ लिहू नका, ‘वेट फॉर हिम’ असं अख्खं लिहा. सुट्टा शब्द पाठ केला की जोडीदार ऐन वेळी सापडत नाही.

तिसरं खातं, फुटणारं. माझ्या मेलमधला ‘कॉल इट ऑफ’ इथला. यात क्रियापदाचे दोन तुकडे होतात आणि सर्वनाम मधे बसतं. पिक हिम अप. टर्न इट ऑफ. फिल इट इन. राइट इट डाउन. गिव्ह देम बॅक. पुट इट ऑफ, म्हणजे पुढं ढकल. थ्रो इट अवे.

नाम असेल तर दोन्ही चालतं: “टर्न ऑफ द फॅन” म्हणा नाहीतर “टर्न द फॅन ऑफ”. पण फॅनचा ‘इट’ झाला की त्याला आतच घ्यायचं. ‘टर्न ऑफ इट’ कधीच नाही. आमच्या बसायच्या कट्ट्यावर याची घोषणाच झालीये: नाव कुठंही, सर्वनाम घरात.

आता खरी अडचण. ‘लुक फॉर’ दुसऱ्या खात्यात आणि ‘फिल इन’ तिसऱ्यात, हे ओळखायचं कसं? दिसायला दोन्ही सारखेच. कानानं ओळखा. तिसऱ्या खात्यात जोर शेवटच्या तुकड्यावर पडतो: टर्न इट ऑफ, पिक हिम अप. दुसऱ्या खात्यात जोर क्रियापदावर, जोडीदार पुटपुटल्यासारखा: वेट फर मी, लुक ॲट इट. रेकॉर्डर याचसाठी सांगितला. इंग्रजी बातम्यांतली दोन-तीन वाक्यं घ्या, तशीच म्हणून बघा, ऐका. आठ-पंधरा दिवसांत कान बसतो.

खातं चुकलं की अर्थ कुठं जातो बघा. “आय रॅन इन्टू हिम ॲट सात रस्ता” म्हणजे सात रस्ता चौकात तो अचानक भेटला. “आय रॅन हिम ओव्हर ॲट सात रस्ता” म्हणजे त्याला गाडीखाली घातला. सात रस्त्याची ट्रॅफिक बघता ऐकणारा दुसराही अर्थ खरा मानेल.

उरले तीन तुकड्यांचे. पुट अप विथ हिम, म्हणजे त्याला सहन करणं. रन आउट ऑव्ह इट, म्हणजे संपणं. लुक फॉरवर्ड टू इट. कॅच अप विथ देम. यात सर्वनाम सरळ शेवटी, डोकं लावायचं नाही. फक्त ‘कोप अप विथ’ म्हणू नका. आपल्याकडं ते फार चालतं, पण खरं ‘कोप विथ इट’. तो ‘अप’ आपण ‘कॅच अप’वरून उचलून आणलाय.

3. आता काळ: आत्ताचं की तेव्हाचं?

शाळेत जर-तरची कोष्टकं पाठ केली होती तरी बोलताना चुकायचो. का, ते फार उशिरा कळलं. हे मराठी वाक्य घ्या:

“वेळ असता तर आलो असतो.”

हे कधीचं? आज संध्याकाळी या म्हणणाऱ्याला दिलेलं उत्तर असू शकतं, आणि गेल्या वर्षीच्या लग्नाला न गेल्याचं कारणही. मराठीला फरक पडत नाही. एकच ‘असता-असतो’ दोन्हीकडं चालतो. इंग्रजीत मात्र दोन वेगळी वाक्यं:

आत्ताचं: “इफ आय हॅड टाइम, आय वुड कम.”
तेव्हाचं: “इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम.”

म्हणून ‘असता’, ‘असती’, ‘असतं’ तोंडात आलं की स्वतःला एकच विचारा: आत्ताचं की तेव्हाचं? आत्ताचं असेल तर इफच्या बाजूला क्रियापदाचं दुसरं रूप, दुसऱ्या बाजूला वुड. तेव्हाचं असेल तर इफच्या बाजूला हॅड आणि तिसरं रूप, दुसऱ्या बाजूला वुड हॅव आणि तिसरं रूप. आणि तेव्हाचं वाक्य ऐकलं की ओळखायचं, ते घडलेलं नाही. “वुड हॅव कॉल्ड इट ऑफ” म्हणजे कॉल ऑफ झालेलं नाही. आमचे लूम उगाच थांबले ते यापायी.

दोन्हींची भेळही होते: “तेव्हा शिकलो असतो तर आज चांगलं आलं असतं.” एक अर्धं तेव्हाचं, एक आत्ताचं. “इफ आय’ड टेकन इट अप देन, आय’ड बी गुड ॲट इट नाऊ.” प्रत्येक अर्ध्याला प्रश्न वेगळा विचारा, जमतं.

‘असता’ नसेल, होऊ शकणारी गोष्ट असेल तर सोपं आहे, तरी इथं मराठी एक चिमटा काढतेच. आपण म्हणतो, “उद्या आलास तर देईन.” गोष्ट उद्याची आणि क्रियापद ‘आलास’, भूतकाळी. तेच उचलून ‘इफ यू केम टुमारो, आय विल गिव्ह’ होतं. किंवा उद्याची गोष्ट म्हणून इफच्या बाजूलाही विल: ‘इफ यू विल कम’. दोन्ही नको. “इफ यू कम टुमारो, आय’ल गिव्ह इट टू यू.” इफच्या बाजूला साधा वर्तमान, आणि लपलेला ‘ते’ विसरू नका.

इथले आणखी सापळे:

– इफच्या बाजूला वुड. ‘इफ आय वुड हॅव नोन’ असं कानावर पडेल, लिहिताना टाळा. वुड एकाच बाजूला.
– ‘अनलेस’ आणि ‘अनटिल’मधे नकार आधीच आहे. “तो येत नाही तोपर्यंत थांब” याचं ‘वेट अनटिल ही डझन्ट कम’ होतं आपल्या तोंडून. बरोबर असं: “वेट अनटिल ही कम्स.”
– “तुझ्या जागी मी असतो तर” याचा शब्दशः अनुवाद करत बसू नका. “इफ आय वेअर यू” एवढंच. ‘जागा’ नाही, ‘इन’ नाही.

4. ’ड चं कोडं

माझ्या मेलमधे ’ड दोनदा होता आणि दोन्ही वेळा वेगळा: “वी’ड नोन” मधला हॅड, “वी’ड हॅव” मधला वुड. ओळखायचं पुढच्या शब्दावरून. पुढं तिसरं रूप असेल तर हॅड. पुढं मूळ रूप असेल तर वुड, आणि ‘हॅव कॉल्ड’मधला हॅव मूळ रूपच आहे. ‘बेटर’ असेल तर हॅड: “यू’ड बेटर आस्क हिम.” ‘रादर’ असेल तर वुड.

कम, रन, पुट, कट यांची पहिली आणि तिसरी रूपं सारखीच, त्यामुळं “ही’ड कम” नुसतं बघून कळत नाही. तिथं वाक्याचं दुसरं अर्धं बघा. इफच्या बाजूला असेल तर बहुतेक हॅडच.

आणि ऐकताना ‘वुड’व्ह’ हे ‘वुड ऑव्ह’सारखं लागतं. ऐकून लिहिणारे तसंच लिहितातही, इंग्रजांची स्वतःची पोरंसुद्धा. एक एफवाला ‘ऑव्ह’ तिथं नाही, दोन एफवाला ‘ऑफ’ तर नाहीच. तो हॅव आहे.

5. एक गठ्ठा घ्या, तीन वाक्यांतून फिरवा

तिसऱ्या खात्यातला एक गठ्ठा घेऊ: पिक हिम अप. प्रसंग ओळखीचा, मामा पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसनं येणार आहेत आणि स्टेशनवर घ्यायला जायचंय.

“इफ ही कम्स बाय हुतात्मा, आय’ल पिक हिम अप.” आले तर घ्यायला जाईन.
“इफ आय हॅड अ कार, आय’ड पिक हिम अप.” गाडी नाहीये. आत्ताचं.
“इफ ही’ड टोल्ड मी, आय’ड हॅव पिक्ट हिम अप.” मामा बोलले नाहीत, रिक्षानं आले आणि आता रुसलेत. तेव्हाचं.

काय हललं आणि काय नाही, ते बघा. ‘हिम’ तिन्ही वेळा पिक आणि अप यांच्या मधेच. ‘अप’ शेवटी. बदललं फक्त क्रियापद आणि त्याच्या आधीचे मदतनीस. म्हणून गठ्ठा आधी पक्का करायचा आणि जर-तर नंतर. आम्ही उलटं शिकलो, कोष्टक आधी. म्हणून दोन्ही सैल राहिलं.

रोज प्रत्येक खात्यातला एक गठ्ठा घ्या: ‘टेल हर’, ‘वेट फॉर देम’, ‘फिल इट इन’. तिन्ही वाक्यांतून फिरवा. नऊ वाक्यं, दहा मिनिटं. मोठ्यानं. रिक्षात लाज वाटत असेल तर सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी फिरताना म्हणा, तिथं प्रत्येकजण काहीतरी पुटपुटतच असतो.

6. प्रश्न विचारताना जोडीदार शेवटी सोडा

“वेळ मिळाला तर कुणाबरोबर जाशील?” मराठीत ‘बरोबर’ ‘कुणा’ला चिकटलेलं. त्यामुळं आपण ‘विथ हूम’नं सुरुवात करतो. चूक नाही, पण वकिलाच्या नोटिशीसारखं वाटतं. रोजच्या बोलण्यात: “हू वुड यू गो विथ, इफ यू हॅड टाइम?” तसंच “व्हॉट आर यू लुकिंग फॉर?”, “हू आर यू वेटिंग फॉर?” शेवटी लोंबकळणारा ‘फॉर’ बघून सुरुवातीला अस्वस्थ व्हायला होतं. असू दे तिथंच. काढला तर अर्थच जातो.

7. पाहुण्यांना गाव दाखवताना

परदेशी पाहुणा आला की ऑफिसात ज्याला त्यातल्या त्यात इंग्रजी येतं त्याच्या गळ्यात गाव दाखवायचं काम पडतं. माझ्या पडलं. सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या चार पुतळ्यापाशी पाहुण्यानं विचारलं, हे कोण? मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे; 12 जानेवारी 1931 ला इंग्रजांनी येरवड्यात फाशी दिली, एवढं सांगता आलं. पुढं “हे नसते तर…” म्हणायचं होतं आणि गाडी तिथंच अडली. ‘इफ दे वेअर नॉट’ म्हणून गप्प बसलो.

यासाठी इंग्रजीत तयार साचा आहे: “इफ इट हॅडन्ट बीन फॉर देम.” आत्ताचं असेल तर “इफ इट वेरन्ट फॉर हर”. पुन्हा तो रिकामा ‘इट’, मग फॉर, मग माणूस. घरीही लागतो: “इफ इट वेरन्ट फॉर माय वाइफ, आय’ड गिव्ह इट अप.” बायको नसती तर हा नाद सोडला असता, आत्ताच्या अर्थानं.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट सांगताना मात्र मी तयारीनं गेलो. 1910 मध्ये सोलापुरात जन्म, 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला रवाना, बाकीचे चौघं परतले, हे तिथंच राहिले आणि 1942 मध्ये तिथंच गेले. वाक्य घरून घोकून नेलं होतं: “इफ ही’ड कम बॅक विथ देम, ही माइट हॅव लिव्ड लाँगर.” पहिला ’ड हॅड, कारण इफच्या बाजूचा. ‘विथ देम’ शेवटी. आणि वुडऐवजी माइट. खात्री नसेल तिथं वुड म्हणजे छातीठोकपणा, माइट म्हणजे ‘कदाचित’. पाहुणा मान हलवून शांत उभा राहिला. वाक्य पोचलं होतं.

जाताना त्याला कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून दिली तेव्हा मात्र “इफ यू रन आउट ऑव्ह इट, लेट अस नो” हे न घोकता तोंडातून गेलं.

8. लिहिताना: आमचं उत्तर

शेवटी त्या मेलचं उत्तर. मालकांच्या मुलीनं मला बसवून माझ्याकडूनच लिहून घेतलं, चार वेळा खोडून:

“वी आर सॉरी अबाउट द डिले. इफ यू’ड लाइक टू टॉक टू अस अबाउट इट, वी’ल सेट अप अ कॉल. इफ एनीथिंग लाइक धिस कम्स अप अगेन, वी’ल टेल यू राइट अवे. वुड यू लाइक अस टू गो अहेड विथ द नेक्स्ट लॉट?”

तुमच्या वहीत उतरवून घ्या आणि रकाने लावा. ‘टॉक टू अस’ दुसरं खातं. ‘टेल यू’ कोरडं. ‘सेट अप अ कॉल’ तिसरं. ‘कॉल’चा ‘इट’ केला तर ‘सेट इट अप’. ‘यू’ड लाइक’ मधला ’ड वुड आहे आणि इफच्या बाजूला असूनही चालतो, कारण तो नम्रतेचा. वुड एकाच बाजूला या नियमाला एवढी एक सूट. ‘लाइक अस टू’ मधे ‘अस’ आहे, ‘वी’ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं, दोनच शब्दांचं: “प्लीज डू.” ते मात्र अकाउंटंटनं आणि मी सारखंच वाचलं, आणि लूम चालू झाले.